मुलाखतीआधी कोणतं तेल हुंगावं? आत्मविश्वास आणि इसेन्शियल ऑइल्स

प्रश्न थोडक्यात असा आहे: महिन्याभरावर नोकरीची मुलाखत आलीये, अभ्यास झालाय, पण चारचौघांसमोर तोंड उघडायची वेळ आली की आवाज कापतो, तळहात गार पडतात आणि पाठ असलेलंही ऐनवेळी आठवत नाही. बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ) आणि जाईच्या तेलानं आत्मविश्वास वाढतो असं कुणीतरी सांगितलं. तर यातलं कोणतं घ्यावं, कुठं लावावं, किती थेंब, आणि पोटात घेतलं तर लवकर गुण येतो का?

शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देते, कारण त्यात धोका आहे. पोटात घेऊ नका. पाण्यातून नको, मधातून नको, जिभेवर थेंब तर मुळीच नको. इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीचा वास एकवटलेलं तेल, पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगतं आणि जसंच्या तसं तोंडाच्या आणि घशाच्या नाजूक अस्तराला लागतं. निलगिरीचं तेल थोडे मिली पोटात गेलं तरी विषबाधा होते आणि लहान मुलांना झटके येऊ शकतात. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल बेचैनीवर औषध म्हणून मिळते आणि तिच्या रीतसर चाचण्या झाल्या आहेत, हे खरं आहे. पण ते ठरावीक प्रमाणात, औषधाच्या नियमांनी बनवलेलं उत्पादन आहे. त्याचा दाखला देऊन घरातल्या बाटलीतलं तेल पिणाऱ्यांना मी नेहमी थांबवते.

आता मुख्य मुद्दा. कोणतंही तेल आत्मविश्वास देत नाही. मी वर्षानुवर्षं हीच तेलं हाताळते, लोकांना देते, शिकवते, तरी हे आधी सांगून टाकते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये 'हे मला जमेल' ही भावना कुठून येते याची मांडणी केली. त्यांनी चार वाटा सांगितल्या: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला तरी जमताना पाहणं, दुसऱ्यानं दिलेला धीर आणि त्या क्षणी शरीराची असलेली अवस्था. यातली पहिली वाट सगळ्यांत भक्कम. वास थेट पोहोचतो तो फक्त चौथ्या वाटेवर, म्हणजे धडधड, श्वास, तरतरी, सुस्ती यांच्यावर, आणि तिथंही त्याचा जोर बेताचाच असतो. मात्र वासाचा दुसरा एक उपयोग आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो: तयारीच्या वेळी जमल्याचा जो अनुभव आला, तो ऐन वेळी परत जागा करणं. बाटली कोणती यापेक्षा ती कशी वापरायची यावर मी जास्त लिहिणार आहे, ते त्यामुळेच.

वासाला हे का जमतं, तर त्याचा मेंदूतला रस्ता वेगळा आहे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं आधी थॅलॅमस या केंद्रातून जातं आणि मग पुढं वाटलं जातं. नाकातून आलेला संदेश घ्राणकंदात, म्हणजे मेंदूतल्या वासाच्या केंद्रात पोहोचतो आणि तिथून जवळजवळ थेट भीती-भावना सांभाळणाऱ्या अमिग्डालाकडं आणि आठवणी बांधणाऱ्या भागांकडं जातो. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. या ग्राहकांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि त्याबद्दल २००४ चं नोबेल मिळवलं. एखादा वास आला की नाव आठवायच्या आधीच पोटात काहीतरी हलतं, ते या रस्त्यामुळं.

तेलांच्या गुणांबद्दल बोलायचं तर जाहिराती आणि अभ्यास यांत मोठी दरी आहे. अभ्यास बहुतेक लहान आहेत, परिणाम सौम्य आहेत, पण अगदीच रिकामे नाहीत. व्हिएन्नात दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात संत्र्याचा आणि लॅव्हेंडरचा वास पसरवून पाहिला, तेव्हा तिथं बसलेल्यांची धास्ती कमी नोंदली गेली. तो अभ्यास २००५ चा. इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात २००३ मध्ये १४४ जणांवर रोझमेरी आणि लॅव्हेंडर तपासले. रोझमेरीच्या खोलीतले लोक जास्त सावध होते आणि त्यांना आठवत बरं होतं. लॅव्हेंडरच्या खोलीतले निवांत होते, पण डोक्यात चार गोष्टी एकदम धरून ठेवण्याचं काम त्यांचं मंदावलं. त्याच गटानं नंतर पेपरमिंट आणि इलांग-इलांग (एका झाडाच्या फुलांचं तेल) घेतले, तिथंही असाच प्रकार झाला: पेपरमिंटनं तरतरी आणि स्मरण सुधारलं, इलांग-इलांगनं शांतता वाढवली आणि स्मरण खाली आणलं.

हे वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की 'मन शांत करणारं तेल' मुलाखतीच्या दारात वापरणं शहाणपणाचं नाही. लॅव्हेंडर आणि इलांग-इलांग आदल्या रात्रीसाठी ठेवा. झोप लागायला, उद्याचे विचार डोक्यात फिरायचे थांबायला त्यांचा उपयोग होतो. सकाळी मात्र ती बाटली घरीच राहू द्या. प्रश्न विचारला जात असताना तुम्हाला शांत आणि जागं अशी दोन्ही अवस्था एकत्र हवी आहे, आणि त्यासाठी लिंबूवर्गीय तेलं मला सगळ्यांत भरवशाची वाटतात. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या २००८ च्या अभ्यासात लिंबाच्या तेलानं मूड सुधारला, लॅव्हेंडरनं नाही. आणि हेही सांगायला हवं की जखम भरून येणं, प्रतिकारशक्ती यांसारख्या शरीराच्या मोजमापांवर दोन्हींचा काही फायदा दिसला नाही. मूड सुधारला, बस. पण तुम्हालाही तेवढंच हवंय.

जाईबद्दल तुम्ही जे ऐकलं त्यात तथ्य आहे, फक्त ते तुमच्या कामाचं आहे का हे पाहावं लागेल. थायलंडमधल्या एका लहान अभ्यासात जाईच्या तेलानं मसाज केल्यावर लोकांचा श्वासाचा वेग आणि रक्तदाब किंचित वाढला आणि त्यांना जास्त हुशारी वाटली. मरगळलेल्या, 'मला काय येतंय' म्हणून कोपऱ्यात बसणाऱ्या माणसाला हे तेल मी आनंदानं देईन. तुमचं हृदय आधीच धडधडतंय. त्यात आणखी चाबूक नको. शिवाय जाई-मोगऱ्याची फुलं वाफेनं तेल काढायला फार नाजूक असतात, म्हणून द्रावक वापरून त्यांचं 'अॅब्सोल्यूट' काढतात. ते महाग असतं आणि बाजारात स्वस्तात मिळणारं 'जाईचं तेल' बहुतेक वेळा कृत्रिम अत्तरी मिश्रण असतं. हुंगायला गोड लागेल, पण त्वचेला लावण्याआधी दहादा विचार करा.

आणि हे सगळं नुसतं मानण्यावर चालतं का, असं कुणी विचारलं तर बऱ्याच अंशी हो. २००४ च्या एका प्रयोगात लोकांना लॅव्हेंडर, नेरोली (कडू संत्र्याच्या फुलांचं तेल) किंवा वास नसलेलं पाणी हुंगायला दिलं आणि काहींना सांगितलं की यानं शांत वाटेल, काहींना सांगितलं की उत्साह येईल. ज्यांना शांततेचं सांगितलं त्यांची नाडी उतरली, उत्साहाचं सांगितलं त्यांची चढली. नाकासमोर काय धरलं होतं याला फार महत्त्व उरलं नाही. दुसऱ्या बाजूला जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठात २०१८ मध्ये उंदरांना लॅव्हेंडरमधला लिनालूल हा घटक नुसता हुंगायला दिला, तर त्यांची भीती कमी झाली. ज्या उंदरांना वास येत नव्हता त्यांच्यात हा फरक पडला नाही. उंदरांना कुणी तेलाची माहिती वाचून दाखवली नव्हती. तेव्हा काही अंशी रसायन आणि बऱ्याच अंशी अपेक्षा, असा माझा हिशेब आहे, आणि मुलाखत जवळ आलेल्या माणसानं या दोन्हींचा फायदा घ्यायला काहीच हरकत नाही. मात्र सर्दीनं नाक बंद असेल किंवा आजारपणात वास गेला असेल, तर तेलांवर पैसे घालवू नका.

आता कामाची गोष्ट. येल विद्यापीठातला १९९० चा एक प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्यांना शब्दांची यादी देऊन काम करायला लावलं तेव्हा खोलीत चॉकलेटचा वास होता. दुसऱ्या दिवशी अचानक ते शब्द विचारले. ज्यांच्या भोवती दोन्ही दिवशी चॉकलेटचा वास होता, त्यांना जास्त शब्द आठवले. पुढं इतर प्रयोगांत असं दिसलं की वास जितका नवखा, त्या जागेत जितका अनपेक्षित, तितकी ही गाठ पक्की बसते. म्हणजे रोज ज्याचा साबण वापरता, त्या वासाचा इथं फारसा उपयोग नाही. तो आधीच शंभर गोष्टींशी जोडलेला असतो.

याची उलटी बाजूही तपासली गेली आहे आणि ती बहुतेक लोकांना ठाऊक नसते. २००५ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात लहान मुलांना एका वासाच्या खोलीत सुटूच शकणार नाही असा भूलभुलैया सोडवायला दिला. मुलं वैतागली. थोड्या वेळानं त्यांना दुसरं, सोपं काम दिलं. ज्यांच्या खोलीत पुन्हा तोच वास होता त्यांचं काम इतरांपेक्षा वाईट झालं. अपयश त्या वासाला चिकटलं होतं. म्हणून एक नियम कडकपणे पाळा: जे तेल मुलाखतीसाठी ठरवलं आहे, ते घाबरलेल्या अवस्थेत पहिल्यांदा उघडायचं नाही. परीक्षेच्या सकाळी नवी बाटली फोडून खोल खोल हुंगणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. ते त्या वासाला भीतीच शिकवतात.

तेल निवडताना यादी बाजूला ठेवा आणि नाकाचं ऐका. मी समोरच्याला कागदाच्या पट्ट्यांवर एकेक थेंब टाकून देते, नाव न सांगता. एका वेळी चारपेक्षा जास्त नाही, नाहीतर नाक थकतं आणि सगळं एकसारखं लागायला लागतं. मग तोंडानं काय म्हणतात याकडं मी फारसं लक्ष देत नाही, कारण 'छान आहे' सगळ्यांनाच म्हणतात. मी खांदे पाहते. पट्टी नाकाशी नेल्यावर खांदे खाली आले, श्वास आपोआप लांबला, आणि टेबलावर ठेवलेली पट्टी माणसानं कुणी न सांगता पुन्हा उचलली, की तेच तेल. एका मुलीसमोर मी पुस्तकी नियमानं लॅव्हेंडरची पट्टीही ठेवली होती. ती एकदम मागं सरकली. लहानपणी आजीला भेटायला ज्या रुग्णालयात जायची, तिथल्या फरशीला असाच वास असायचा म्हणे. तिच्यासाठी लॅव्हेंडर संपलं. मग कितीही अभ्यास त्याच्या बाजूनं असोत.

पहिल्यांदाच निवडत असाल तर गोड संत्रं, ग्रेपफ्रूट, बर्गमॉट आणि रोझमेरी किंवा पेपरमिंट अशा चार पट्ट्या करून बघा. एकेकटं तेल ओळखीचं वाटत असेल तर दोघांची जोडी करा. ती नवखी लागते. मला स्वतःला ग्रेपफ्रूटबरोबर थोडासा वाळा आवडतो. लिंबूवर्गीय तेलांचा वास लवकर उडतो, वाळा किंवा चंदन त्याला खाली धरून ठेवतं. चार थेंब ग्रेपफ्रूटला एक थेंब वाळा पुरे. वाळा जास्त झाला तर ओल्या मातीसारखा दर्प सगळ्यावर चढून बसतो.

वापरायला नाकाजवळ धरायचा इनहेलर सर्वांत उत्तम. लिपस्टिकच्या आकाराची ही प्लास्टिकची नळी असते, आत कापसाची वात. वात एका वाटीत ठेवून तिच्यावर दहा-पंधरा थेंब सोडा, वात ते पिऊन घेते. चिमट्यानं उचलून नळीत सरकवा, तळाचं बूच दाबून बसवा आणि वर झाकण लावा. हाताला तेल लागू देऊ नका, नाहीतर दिवसभर तोच वास अंगाला येत राहील आणि सगळी मेहनत वाया जाईल. नळीवर तेलांची नावं आणि तारीख लिहा. अशी नळी काही आठवडे टिकते. ती मिळाली नाही तर छोट्या काचेच्या बाटलीत कापसाचा बोळा घालूनही काम भागतं. इनहेलरचा मोठा फायदा हा की वास तुमच्यापुरता राहतो. मुलाखत घेणाऱ्यांपैकी कुणाला दमा किंवा अर्धशिशी असू शकते. बंद खोलीत तुम्ही पेपरमिंट घमघमवत गेलात तर तुमच्या उत्तरांआधी त्यांना तुमचा वास आठवेल.

आता रोजचा सराव. दिवसातून एकदा, वीसेक मिनिटं, मुलाखतीत विचारले जातील असे दोन-तीन प्रश्न मोठ्यानं बोलून उत्तरायचे. मनातल्या मनात नाही, तोंडानं. सुरुवात जिथं जमतं तिथून करा: खोलीत एकट्यानं, उभं राहून. पहिला आठवडा इनहेलर बोलण्याआधी उघडायचा नाही. एखादं उत्तर नीट गेलं, आवाज स्थिर राहिला, 'हां, हे बरं झालं' असं वाटलं, की त्या क्षणी झाकण काढा आणि दोन-तीन संथ श्वास घ्या. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. मग झाकण बंद. त्या दिवशी सगळंच बिनसलं तर इनहेलरला हात लावायचा नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून क्रम बदला. आता आधी हुंगा, मग बोला. याच आठवड्यात पायरी एकानं वाढवा: फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग करा आणि ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकताना सगळ्यांनाच कसंतरी होतं, त्याची सवय होते. तिसऱ्या आठवड्यात एका विश्वासातल्या माणसासमोर, चौथ्यात दोन-तीन जणांसमोर, त्यातला एक तरी थोडा खडूस असलेला चांगला. प्रत्येक पायरीला तोच वास, तोच चार-सहाचा श्वास. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात हे, आणि या वेगानं हृदयाची धडधड बसायला मदत होते. खरं सांगायचं तर इनहेलरच्या श्रेयातला मोठा वाटा या लांब उच्छ्वासाचा असतो. पण नुसतं 'खोल श्वास घ्या' म्हटलं तर ऐनवेळी कुणालाच सुचत नाही. हातात नळी असली की श्वास घेतला जातो.

एवढं करूनही लोक जिथं माती खातात ती जागा म्हणजे अतिवापर. वास आवडला की दिवसभर हुंगत बसतात, डिफ्यूझरमध्ये, म्हणजे खोलीत वास पसरवणाऱ्या यंत्रात, तेच तेल लावतात, उशीवर टाकतात, कंटाळा आला की हुंगतात, भांडण झालं की हुंगतात. नाक कोणत्याही वासाला काही मिनिटांत सरावतं आणि तो जाणवेनासा होतो. आणि ज्या वासाला भांडण, कंटाळा, झोप सगळंच चिकटलं त्याला मुलाखतीच्या वेळी नेमकं काय आठवणार? घरात सुगंध हवाच असेल तर दुसरं तेल घ्या, आणि डिफ्यूझर अर्धा-पाऊण तास चालवून बंद करा. हे खास तेल फक्त सरावासाठी.

मुलाखतीच्या दिवशी निघताना एकदा, आणि नाव पुकारलं जाण्याआधी एकदा, तीन-तीन श्वास. एवढंच. धडधड पूर्ण थांबली नाही म्हणून पुन्हा पुन्हा हुंगू नका. थोडी धडधड राहणारच आणि ती असताना सराव केला आहे म्हणूनच आत गेल्यावर जीभ चालते.

त्वचेला लावायचंच असेल तर थोडं गणित करावं लागेल. एक मिली म्हणजे ढोबळमानानं २० थेंब धरा. १० मिलीच्या रोल-ऑन बाटलीत बदाम किंवा जोजोबासारखं बेस तेल भरलं तर त्यात दोन थेंब इसेन्शियल ऑइल म्हणजे एक टक्का, चार थेंब म्हणजे दोन टक्के. मनगटाला दोन टक्क्यांपर्यंत ठीक, मानेजवळ आणि चेहऱ्याजवळ एकच्या वर नको. न मिसळलेलं तेल थेट अंगाला लावू नका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला मिसळलेला एक थेंब लावून एक दिवस थांबा. लाल झालं, खाज आली तर ते तेल तुमचं नाही.

बर्गमॉटच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. सालीतून दाबून काढलेल्या बर्गमॉट तेलात बर्गाप्टेन नावाचा घटक असतो. तो त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग उठतात आणि ते महिनोन्महिने जात नाहीत. म्हणून त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात त्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा ०.४ टक्के आहे. आपल्या १० मिलीच्या बाटलीत हे प्रमाण एका थेंबाहूनही कमी भरतं. मग मनगटाला बर्गमॉट चोळून उन्हात बाहेर पडा असं सांगणाऱ्यांना काय म्हणावं? बर्गाप्टेन काढून टाकलेलं बर्गमॉट मिळतं, बाटलीवर 'एफसीएफ' असं लिहिलेलं असतं. तेच घ्या, नाहीतर फक्त इनहेलरमध्ये वापरा. दाबून काढलेल्या लिंबाच्या आणि ग्रेपफ्रूटच्या तेलालाही कमी-अधिक हाच दोष आहे.

खरेदी करताना बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणत्या भागापासून काढलं, कसं काढलं आणि बॅच क्रमांक असला पाहिजे. लॅव्हेंडर म्हणून पुष्कळदा लॅव्हॅन्डिन विकतात. ते संकरित रोप आहे, त्यात कापराचा अंश जास्त असतो आणि वास तिखट असतो. वाईट नाही, पण झोपेसाठी तुम्ही जे मागत होतात ते नव्हे. 'थेराप्युटिक ग्रेड' या शब्दांना भुलू नका, असा दर्जा देणारी कोणतीही स्वतंत्र संस्था नाही. गुलाबाच्या एका किलो तेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, तेव्हा संत्र्याच्या आणि गुलाबाच्या तेलाची किंमत एकच असेल तर दुकानदाराला काही विचारायची गरजच नाही. लहान बाटली घ्या, गडद काचेची, आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. लिंबूवर्गीय तेलं उघडल्यावर वर्षभरात हवेनं बिघडतात, आणि बिघडलेलं तेल त्वचेला जास्त झोंबतं. वाळा आणि चंदन मात्र मुरतात.

काही जणांनी आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. दमा असेल तर कोणताही तीव्र वास झटका आणू शकतो. अपस्मार असेल तर रोझमेरी आणि कापूर असलेली तेलं टाळा. गरोदरपणात स्वतःच्या मनानं काहीच सुरू करू नका. घरात तान्हं मूल असेल तर पेपरमिंट आणि निलगिरी त्याच्या नाकाजवळ कधीही नको. मांजर असेल तर डिफ्यूझर जपून. तिचं यकृत यातले बरेच घटक मोडू शकत नाही, आणि टी ट्री तेल तर तिला विषासारखं आहे.

तुमच्या प्रश्नात नाही, पण विचारते: भीती बोलण्याची आहे की घामाच्या वासाची? पुष्कळ जण दुसरी गोष्ट सांगायला लाजतात. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला २००९ च्या एका अभ्यासात काही तरुणांना सुगंधी डिओडरंट दिला आणि काहींना तसाच दिसणारा, पण सुगंध नसलेला. सुगंधीवाल्यांनी काही दिवसांत स्वतःला जास्त आत्मविश्वासू ठरवलं. पुढची गंमत अशी की त्यांची आवाज नसलेली चित्रफीत पाहणाऱ्या मुलींनाही ते जास्त आकर्षक वाटले, आणि त्यांना तर वास येण्याचा प्रश्नच नव्हता. नुसत्या फोटोत हा फरक दिसला नाही. म्हणजे बदल चेहऱ्यात झाला नव्हता, हालचालीत झाला होता. आपल्या अंगाला वास येत नाही याची खात्री असली की माणूस हात मोकळे सोडतो, पुढं वाकून बसतो. तुमची अडचण हीच असेल तर चांगला घामरोधक आणि सुती कपडे बर्गमॉटपेक्षा जास्त काम करतील.

चार आठवडे प्रामाणिकपणे करूनही काहीच फरक वाटला नाही, तर तेल सोडा आणि तो वेळ सरावाला द्या. आणि प्रकार फक्त मुलाखतीपुरता नसेल, म्हणजे फोन उचलायला भीती वाटते, चारचौघांत जेवणं टाळलं जातं, धडधडीनं जीव जातोय असं वाटतं, संधी हातच्या सोडल्या जातायत, तर हा सामाजिक चिंताविकार असू शकतो. त्यावर मानसोपचार आहेत, गरज पडली तर औषधंही आहेत, आणि ती तेलांपेक्षा कितीतरी जास्त तपासलेली आहेत. उपचार सुरू असतील तर इनहेलर सोबत चालू शकतो, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि तेलानं बरं वाटतंय म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.